कमी दिसणाऱ्या आईसाठी नाटकाचं तिकीट: पुढची रांग, मधली की बाल्कनी? (दोघांचं बजेट ६००)

पाचवी_रांग
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आई बहात्तर वर्षांची आहे. १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उघडलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, आणि तेव्हापासून पुण्यात लागलेलं बरं नाटक तिने सहसा सोडलेलं नाही. गेल्या चार वर्षांत दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. डॉक्टर मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात. उजव्या डोळ्याने ६/२४, डाव्याने समोर धरलेली बोटं मोजते एवढंच. चष्म्याचा नंबर बदलून फरक पडत नाही. घरात वावरते, स्वयंपाक करते, पण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. "तुझ्या तोंडावर कुणीतरी ओला बोळा फिरवल्यासारखं दिसतं," म्हणते.

टीव्हीपुढे अगदी दोन हातांवर खुर्ची ओढून बसते आणि ते तिला जमतं. म्हटलं, नाटकालाही तेच करू. गेल्या महिन्यात पहिल्या रांगेची दोन तिकिटं काढली, पाचशेला एक. (नाट्यगृहाचं नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही.) सगळा बट्ट्याबोळ. मान वर करून करून दुखायला लागली, वरचे दिवे थेट डोळ्यांत, आणि नट पुढे आला की आमच्यासमोर त्याच्या चपला. मध्यंतरात आई म्हणाली, "आवाजावरून कळतंय रे कोण ते. पण एवढंच असेल तर रेडिओ काय वाईट होता?" घरी आल्यावर म्हणाली, पुढच्या वेळी तू एकटा जा.

ते मला लागलं. महिन्याला एक नाटक आणि दोघांची मिळून सहाशेची तिकिटं, एवढं आम्हाला झेपतं. रिक्षा वेगळी. कुणाला अनुभव असेल तर सांगा, कुठे बसावं?

नाटकवेडा_दादर
पहिली रांग कधीच घ्यायची नाही, हे नाटक बघणाऱ्या कुणालाही माहीत असतं. चौथी ते सातवी, बरोब्बर मध्ये. शिवाजी मंदिरला मी पस्तीस वर्षं तिथेच बसतोय. पण ती तिकिटं तुमच्या सहाशेत बसणार नाहीत, आणि प्लॅन (म्हणजे बुकिंग) उघडल्यावर पहिल्या तासात जातात.

खवचट_पुणेकर
पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही. पुढच्या रांगा बरोब्बर पाचशेला येऊन का थांबतात, याचं हेही एक कारण. तेव्हा सरकारने तुमच्या मातोश्रींसाठी काहीच केलं नाही असं म्हणू नका.

बोगद्यातून
दादरकर, "कुणालाही माहीत असतं" हे डोळे धड असणाऱ्यांपुरतं खरं आहे. मला काचबिंदू आहे. माझी गोष्ट पाचवी रांग यांच्या आईच्या बरोब्बर उलटी, म्हणून सविस्तर लिहितो.

मला मधलं स्वच्छ दिसतं, अगदी ६/९. पण कडा गेल्या आहेत. नळीतून बघावं तसं जेमतेम पंचवीस अंशांचं दिसतं. आता हिशोब बघा. रंगमंचाची उघडी रुंदी साधारण ३० फूट धरा. त्याच्यापासून १० फुटांवर, म्हणजे पहिल्या रांगेत बसलात, तर पूर्ण रंगमंच सामावायला ११०च्या वर अंश लागतात. ४० फुटांवर गेलात की ४१ अंश. ६० फुटांवर २८. म्हणजे माझ्यासारख्याला अख्खा दिवाणखाना एका नजरेत हवा असेल, तर मागे, मागे, अजून मागे. पुढे बसलो की टेनिसचा सामना: हा बोलला की इकडे, ती बोलली की तिकडे, आणि माझी मान पोचेपर्यंत वाक्य संपलेलं. हशा झाला की मी शेजारणीला विचारायचो, काय केलं त्याने?

आता मी शेवटून तिसरी रांग घेतो, मधली खुर्ची. सगळ्यात स्वस्त. मित्र म्हणतात बिचारा मागे बसतो, मी म्हणतो बसू दे. एकच त्रास आहे. बऱ्याच थिएटरांत त्या रांगा बाल्कनीच्या छताखाली येतात आणि तिथे आवाज गादीखालून आल्यासारखा येतो. म्हणून छत जिथे संपतं त्याच्या एक रांग पुढे मिळाली तर बघतो.

ज्यांना रातांधळेपणा आहे त्यांचं आणखी वेगळं. त्यांनी रांग कुठलीही घ्यावी, पण खुर्ची कडेची, आणि दिवे जायच्या आधी वीस मिनिटं जागेवर. तिसऱ्या घंटेनंतर आत शिरलात की पायऱ्यांवर कपाळमोक्ष ठरलेला.

तेव्हा "कुठे बसावं" याच्या आधी "काय दिसत नाही" हे ठरवा.

नाटकवेडा_दादर
पटलं. इतक्या वर्षांत हा विचारच केला नव्हता. माघार.

खवचट_पुणेकर
दादरने माघार घेतली. तारीख लिहून ठेवा.

भिंगवाली
मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारी) आहे, कमी दृष्टीच्या रुग्णांबरोबरच काम असतं. (इथे कुणाला तपासत नाहीये, तुमचे डॉक्टर तुमच्याजवळ आहेत.) बोगद्यातून यांनी कडा गेलेल्यांचं सांगितलं, मी मध्य गेलेल्यांचं सांगते.

पाचवी रांग, आधी ६/२४ म्हणजे काय ते बघा. चांगल्या डोळ्याला जे २४ मीटरवरून दिसतं, ते आईंना ६ मीटरवर यावं लागतं. चौपट. पहिली सोडून तिसऱ्या रांगेत बसलात तरी नट साधारण ७ मीटरवर असतो, म्हणजे आईंना तो आपल्याला २८ मीटरवरून दिसावा तसा दिसणार. आपल्या बऱ्याच नाट्यगृहांत हे अंतर शेवटच्या रांगेच्याही मागे जातं. एवढे पैसे मोजून मिळालं काय, तर शेवटच्या रांगेचं तिकीट!

आता तीन पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण घ्या आणि १५ मीटरवर बसा. दुर्बिणीने १५चे ५ झाले, त्याची चौपट २०. म्हणजे मागच्या स्वस्त खुर्चीतून दुर्बीण लावून जास्त दिसेल. कागदावरचा हिशोब आहे, प्रत्यक्षात हात हलतो, काच थोडा उजेड खाते. पण दिशा हीच.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. पडद्याचा मध्य गेलेली माणसं नकळत तिरकं बघायला शिकतात. ज्याकडे बघायचं त्याच्या जरा बाजूला नजर ठेवली की तो डागातून बाहेर येतो. ती बाजू प्रत्येकाची वेगळी. घरी एक करून बघा. भिंतीवरचं मोठं घड्याळ घ्या, आईंना काट्यांच्या मधोमध बघायला सांगा आणि नजर न हलवता विचारा, कुठला आकडा सगळ्यात नीट दिसतो? चांगला डोळा उघडा, दुसरा झाका. उत्तर इथे लिहा, मग खुर्चीचं बोलू.

विंगेतला_काळोख
दिव्यांबद्दल लिहितो, कारण बावीस वर्षं प्रकाशयोजनेची हमाली केली आहे.

नटाच्या चेहऱ्यावरचा मुख्य प्रकाश प्रेक्षागृहातून येतो, तुमच्या डोक्यावरून. त्याचा तुम्हाला त्रास नाही. त्रास देतात ते रंगमंचाच्या आत, मागच्या बारवर (आडव्या दांडीवर) टांगलेले दिवे. नट पार्श्वभूमीपासून सुटा दिसावा म्हणून ते मागून पुढे मारलेले असतात. वरच्या काळ्या झालरी ते लपवतात, पण झालर लपवते ती दहाव्या रांगेतल्या माणसापासून. पहिल्या रांगेतला माणूस मान वर करतो आणि झालरीच्या खालून थेट दिव्यात बघतो. काकूंचं तेच झालं असणार. पुढे बसायचंच असेल तर पुढे छज्जा असलेली टोपी घाला. हसू नका, चालतं.

तिकीट काढण्याआधी नाटक बघून घ्या. दिवाणखान्यातलं कौटुंबिक किंवा विनोदी नाटक असेल तर भरपूर उजेड असतो. "रहस्यमय" असं जाहिरातीत लिहिलं असेल तर अर्धं नाटक निळ्या अंधारात जाणार हे धरून चाला. आणि धूर! धुराचं मशीन लावलं की झोत सुंदर दिसतात आणि चेहरे धुऊन निघतात. मी स्वतः हे पाप पुष्कळ केलंय. बुकिंगच्या नंबरावर फोन करून सरळ विचारा, धूर आहे का, अंधार किती आहे. बहुतेक जण सांगतात. कुणीतरी प्रकाशयोजनेची चौकशी केली याचंच आम्हाला अप्रूप असतं.

पाचवी_रांग
भिंगवालीताई, आत्ताच करून बघितलं. आईला वाटलं मी तिला पहिलीत घातलंय. उत्तर: सहा सगळ्यात स्पष्ट, बारा धूसर, तीनचा आकडा गायबच. मग तिने स्वतःच सांगितलं, "मी तुझ्या कपाळाच्या वर बघते, मग तुझी हनुवटी दिसते." चार वर्षं मला वाटत होतं ती माझ्याशी बोलताना पंख्याकडे का बघते!

भिंगवाली
मग पहिली रांग का फसली ते उघड आहे. त्यांची चांगली जागा नजरेच्या खाली आहे. नट दिसायला त्यांना नटाच्या वर बघावं लागतं. पहिल्या रांगेत रंगमंच आधीच डोळ्यांच्या वर, म्हणजे त्यांनी अजून वर, थेट आमच्या विंगेतल्या मित्राच्या दिव्यांत बघायचं.

उलट विचार करा. रंगमंच नजरेच्या खाली कुठून येतो?

बोगद्यातून
बाल्कनी!!

खवचट_पुणेकर
आणि बाल्कनी स्वस्त. निर्मात्यांपासून लपवा हा धागा.

नाटकवेडा_दादर
थांबा थांबा. बाल्कनीच्या पहिल्या रांगेत पुढचा कठडा येतो. काही ठिकाणी खाली सरकून बसलं की रंगमंचाची पुढची कड बरोब्बर कठड्यामागे जाते. दुसरी रांग घ्या. आणि बाल्कनीच्या पायऱ्या उंच, अंधाऱ्या असतात. बहात्तर वर्षांच्या बाईंना तिथे चढवायचं म्हणजे लवकर जायला हवं, आणि मध्यंतरात वड्यासाठी खाली उतरायचं की नाही हा वेगळा प्रश्न. शिवाजी मंदिरला तर नाट्यगृहच वरच्या मजल्यावर आहे, तिथून पुन्हा बाल्कनी चढायची.

टोकाची खुर्ची कितीही स्वस्त मिळाली तरी नको. डावीकडे टोकाला बसलात की डाव्या भिंतीतला दरवाजा दिसत नाही, आणि आपल्या नाटकात अर्धे विनोद दरवाजातून आत येतात.

दशावतारी_मालवण
आमच्याकडे या, एक रुपया लागणार नाही. देवळाच्या जत्रेत दशावतार बसतो, रंगमंच हातभर उंच, सामान म्हणजे एक बाकडं, उजेड ट्यूबलाइटांचा लख्ख. राजा लाल, राक्षस काळा, सगळ्यांचे किरीट चकचकीत. माझ्या आजोबांना मोतीबिंदू पिकून काही दिसत नव्हतं, तरी कोण आलं ते रंगावरून सांगायचे. पुढे चटईवर बसायचं, झोप आली तर तिथेच आडवं व्हायचं. तिकीट, प्लॅन, बाल्कनी, शिरा पडो तुमच्या शहरावर.

विंगेतला_काळोख
मालवणकर, चेष्टेत लिहिलंत पण मुद्दा शंभर टक्के खरा. भडक रंग, सपाट लख्ख उजेड, मागे साधा पडदा, कमी दिसणाऱ्याला हेच हवं असतं. आम्ही राखाडी भिंतीपुढे राखाडी कुर्ता उभा करतो आणि त्याला अभिरुची म्हणतो.

थेम्सकाठी
लंडनहून लिहितेय. इथल्या नॅशनल थिएटरमध्ये अंध आणि कमी दिसणाऱ्यांसाठी काही खास प्रयोग असतात, कानात हेडसेट लावतात आणि रंगमंचावर काय चाललंय ते संवादांच्या मधल्या जागेत एक जण सांगत असतो. त्याच्या आधी नेपथ्य आणि कपडे हाताने चाचपून बघायलाही देतात. माझ्या सासऱ्यांना नेलं होतं. त्यांना मराठीशिवाय काही येत नाही, पण मखमलीचा झगा हातात घेऊन अर्धा तास खूश होते.

वेस्ट एंडमधली (हा लंडनचा नाटकांचा भाग) बरीच जुनी थिएटरं अशी आहेत की वरच्या मजल्यावरची स्वस्त तिकिटं खांबामुळे किंवा कठड्यामुळे अर्धवट दिसणारी असतात, पण तसं तिकिटावर स्पष्ट छापतात. आपल्याकडे हे छापायला काय हरकत आहे? शाई तर तेवढीच लागते.

बोगद्यातून
आपल्याकडे कागदावर सगळं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २९ सांस्कृतिक जीवनाबद्दलच आहे. चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासकट ६/१८ ते ३/६० मध्ये असेल, किंवा दृष्टीचा घेर ४० अंशांच्या आत आणि १०पर्यंत असेल, तर त्याला कायद्यात अल्पदृष्टी म्हणतात. म्हणजे मी आणि पाचवी रांग यांच्या आई, दोघंही त्यात बसतो. बाहेरून बघणाऱ्याला दोघंही धडधाकट वाटतो, हीच पंचाईत. एकदा मी डोअरकीपरला म्हटलं, जरा खुर्चीपर्यंत सोडता का, दिसत नाही. त्याने माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाला, "मेसेज तर वाचताय की!" काय बोलणार.

नवी_प्रेक्षक
मोबाइलवरून आठवलं. मी कॅमेरा झूम करून बघते, रेकॉर्डिंग करत नाही. चालतं ना?

विंगेतला_काळोख
नाही. अजिबात नाही. तुमच्या मागच्या चार रांगांना तुमचा पडदाच दिसतो, आणि नटाला वाटतं शूटिंग चाललंय. प्रयोग थांबवलेले बघितलेत मी.

नवी_प्रेक्षक
बरं, ओरडू नका. दुर्बीण कुठली घ्यायची मग?

भिंगवाली
तीन किंवा चार पटीची. पक्षी बघायची आठ पटीची घरात असेल तर ती नाटकाला नेऊ नका. हाताचा कंप आठ पट होतो, दोन नटांतला एकच मावतो, आणि काळोख पडतो. काळोखाचं गणित सोपं आहे: दुर्बिणीवर ८×२१ असं लिहिलेलं असतं, म्हणजे आठ पट आणि पुढची काच २१ मिलिमीटरची; २१ला ८ने भागा. अडीच मिलिमीटरच्या आसपास उजेडाची फट मिळते. ३×२५ असेल तर आठ मिलिमीटरच्या वर, म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यातली बाहुली अंधारात जेवढी उघडते त्यापेक्षा जास्तच. हात दुखत असतील तर चष्म्यासारखी नाकावर बसणारी, दोन पटीचीही मिळते, पण ती बजेटबाहेर जाईल.

सारखी लावून बसू नये. चेहरा बघायचा तेव्हा लावायची, एरवी गळ्यात. आणि नाटकाच्या दिवशी पहिल्यांदा हातात देऊ नका, आठवडाभर खिडकीतून समोरच्या बिल्डिंगवर सराव करून घ्या.

खवचट_पुणेकर
आठवडाभर खिडकीतून समोरच्या बिल्डिंगवर दुर्बीण. सदाशिव पेठेत याला सराव म्हणत नाहीत.

पाचवी_रांग
(तीन आठवड्यांनी)
मंडळी, प्रयोग करून आलो. तपशील लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

दुर्बीण ३×२५, ओळखीच्या चष्मेवाल्याकडून साडेआठशेला. एकदाचाच खर्च, म्हणून बजेटात धरलेला नाही. तिकिटं बाल्कनीच्या दुसऱ्या रांगेची, मधली, दोनशेला एक. ॲपवर काढली नाहीत. तिथे नुसते चौकोन दिसतात, कठडा दिसत नाही. सकाळी खिडकीवर गेलो आणि तिथल्या काकांना सगळं सांगितलं. त्यांनी पेन्सिलीने दोन खुर्च्या दाखवल्या, म्हणाले, "या घ्या, इथून कठडा लागत नाही, आणि पायऱ्यांना लागून आहेत." हे कुठल्याही ॲपने सांगितलं नसतं. शनिवारचा दुपारचा प्रयोग घेतला, येताना उजेड असतो म्हणून.

अर्धा तास आधी पोचलो. चढताना आई दोनदा थांबली. दादरकर, मध्यंतरात खाली नाही उतरलो, घरून चिवडा नेला होता.

आता खरं सांगतो. पहिली दहा मिनिटं काही जमेना. दुर्बीण लावली की तिला कोण कुठे उभं आहे ते सापडेना, काढली की चेहरा नाही. मी सारखा कानात सांगत होतो, तर पुढच्या बाईंनी वळून बघितलं. मग आईनेच युक्ती काढली. दुर्बिणीशिवाय बघायचं, कोण बोलतंय त्याचा रंग धरायचा (एकीची साडी पिवळी होती, ती फार उपयोगी पडली), आणि तो रंग एका जागी बसला की मगच दुर्बीण. उभ्या माणसाच्या मागे लागायचं नाही. दुसऱ्या अंकात ती मला कोपराने ढोसून म्हणाली, "ती रडत नाहीये, नुसता पदर लावतेय डोळ्याला." मी उघड्या धड डोळ्यांनी बघत होतो, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सगळंच दिसलं असं नाही. हात दुखले तिचे. शेवटचा प्रवेश अंधारात होता, तो आवाजावरच गेला. पण घरी येताना रिक्षात नाटकाला नावं ठेवत होती: दुसरा अंक लांबलाय, नायकाला उभं राहता येत नाही, पडद्यांचा रंग बघवत नाही. अशी नावं तिने चार वर्षांत ठेवली नव्हती.

नाटकवेडा_दादर
नायकाला उभं राहता येत नाही हे बाल्कनीतून दिसलं म्हणजे काकूंचे डोळे आमच्यापेक्षा बरे. मुंबईला आलात तर कळवा. तिकिटं मी काढतो, दुसऱ्या रांगेची, बाल्कनीची.

भिंगवाली
फार छान वाटलं वाचून. "रंग बसला की मग दुर्बीण" हे मी माझ्या रुग्णांना सांगणार आहे, आईंची परवानगी विचारा. हात दुखण्यावर: कोपर खुर्चीच्या हातावर टेका, आणि मांडीवर जाड पर्स उभी धरून त्यावर दुसरं कोपर.

पाचवी_रांग
विचारलं. म्हणते परवानगी कसली, पण त्या पिवळ्या साडीवालीला कुणीतरी सांगा, पुढच्या प्रयोगाला साडी बदलू नकोस. आम्ही पुन्हा जाणार आहोत, तिची बहीण येतेय नाशिकहून. मावशीला काचबिंदू आहे. बोगद्यातून, दोघींना एका रांगेत बसवायचं असेल तर काय करायचं?

बोगद्यातून
बसवा की. बाल्कनीतून मावशींनाही सगळं एका नजरेत येईल. फक्त चढताना त्यांना मध्ये घ्या, कडेला नको, पायाखालची पायरी आम्हाला दिसत नाही. आणि मावशींना दुर्बीण दिलीत तर सरळ धरायला देऊ नका. त्यांना ती उलट बाजूने धरावी लागेल: मोठ्या काचेकडून बघितली की सगळं लहान होऊन जास्त मावतं. मी करतो कधीकधी. लोक बघतात, बघू देत.